नाचाचं गाणं धीमं केलं की त्यात काय ऐकू येतं?

हळदीच्या रात्री आमच्या घरात एका गाण्यावरून वाद झाला. भाचा जळगावला शिकतो. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी लग्नातलं एक जुनं अहिराणी गाणं रेकॉर्ड करून आणलं होतं. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं. बायका ते हळदीला म्हणतात, आणि अलीकडे बँडवाल्यांनी त्याला ठेका लावून वरातीत घेतलंय. बँडच्या गाडीवर ते सुरू झालं की म्हातारी माणसंसुद्धा खांद्यावरचा रुमाल काढून हवेत फिरवतात. पोरांनी तेच गाणं निम्म्या लयीत गायलं होतं. खाली एकच सूर सतत घुमत होता. गिटारचा आवाज फाटका येत होता, आणि विहिरीत हाक मारावी तशी प्रत्येक ओळ वळून परत येत होती. बँडवर तीन मिनिटांत संपणारं गाणं आठ मिनिटं चाललं.

आमच्या वडिलांना सगळं घर नाना म्हणतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हाई गानं शे का रडगानं?"

भाचा म्हणाला, "नाना, याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. हे कव्हर आहे."

या दोन शब्दांनी कुणाचंच समाधान झालं नाही. हल्ली फोनवर अशी गाणी सारखी समोर येतात. ओळखीचं नाचाचं गाणं अचानक संथ, जड, धुक्यातून आल्यासारखं लागतं आणि घरातलं कुणीतरी विचारतं, याचं काय करून ठेवलं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर देता येतं. मला हे संगीत कॉलेजच्या दिवसांपासून प्रिय आहे, म्हणून अमळनेरच्या आमच्या ओट्यावर जे बोललो ते इथे सविस्तर मांडतो.

वांगं एक, भाजी वेगळी, भरीत वेगळं

एकाने आधी गाऊन प्रसिद्ध केलेलं गाणं दुसऱ्याने स्वतः पुन्हा गाऊन-वाजवून केलं की ते कव्हर. शब्द आणि चाल मूळचीच राहते. लय, वाद्यं, गाण्याची लांबी आणि गळ्यातला भाव मात्र बदलू शकतो.

आपल्याकडे हे समजायला वांगं पुरेसं आहे. तेच हिरवं वांगं चिरून फोडणीत टाकलं तर दहा मिनिटांत भाजी होते. तेच तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलं, साल काढून लाकडी भांड्यात ठेचलं, तर भरीत होतं. भरीत खाताना 'वांग्याची वाट लावली' असं आपण कुणी म्हणत नाही. उलट काड्यांच्या धुरानं वांग्यातली एक चव वर येते, जी भाजीत कधीच कळली नसती. चांगलं कव्हर त्या धुरासारखं काम करतं.

आता सायकेडेलिक. हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात दोन ग्रीक शब्द जोडून तयार केला. अर्थ साधारण 'मनातलं उघड करणारं' असा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये रॉक संगीताची एक शाखा या नावाने ओळखली जाऊ लागली. लांबत जाणारी गाणी, घुमणारे सूर आणि यंत्रांतून मुद्दाम बदललेले आवाज ही तिची खूण. स्वप्नात वेळ जसा ताणला जातो, तसं ऐकणाऱ्याला वाटावं ही तिची धडपड.

दोन बहिणींसारखी दोन गाणी

या प्रकारातलं मला सर्वांत पटणारं उदाहरण साठ वर्षं जुनं आहे.

१९६६ साली अमेरिकेच्या डेट्रॉइट शहरातल्या मोटाऊन कंपनीने 'यू कीप मी हँगिंग ऑन' हे गाणं काढलं. गाणाऱ्या द सुप्रीम्स, म्हणजे डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड या तिघी. गाणं हॉलंड, डोझियर आणि हॉलंड या मोटाऊनसाठी गाणी लिहिणाऱ्या ठरलेल्या तिकडीचं. सुरुवातीला गिटारवर तारायंत्रासारखी भराभर टिकटिक, मग ड्रम धावत सुटतात आणि तीन मिनिटांच्या आत सगळं संपतं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. लोक त्यावर नाचले, आणि अजून नाचतात.

पण शब्दांकडे पाहा. एक बाई पुरुषाला सांगते आहे, तुझं माझ्यावर प्रेम उरलेलं नाही, तरी तू मला सोडत नाहीस. मला मोकळं कर. हे आनंदाचं गाणं नाहीच. ठेका इतका पळता आहे की तिची विनवणी पायांखालून निघून जाते.

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या व्हॅनिला फज या चौघांच्या बँडने हेच गाणं घेतलं. मार्क स्टाइन ऑर्गनवर, टिम बोगर्ट बास गिटारवर, व्हिन्स मार्टेल गिटारवर आणि कार्माइन अपिस ड्रमवर. त्यांनी लय खूप खाली आणली. आधी ऑर्गन बराच वेळ एकटा घोंघावतो. मग ड्रमचे घाव पडतात, एकेक, मधे मोकळी जागा सोडून. गायक ओळ सुरू करतो तेव्हा त्याचा आवाज विनवणीवरून किंचाळीकडे जातो. त्यांच्या अल्बमवर हे गाणं सात मिनिटांच्या आसपास चालतं. रेडिओसाठी कापून छोटं केलेलं रूप १९६८ मध्ये अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. गाण्याचे शब्दच दुखावलेल्या माणसाचे होते म्हणून ते धीमं केलं, असं या बँडवाल्यांनी पुढे सांगितलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी गाण्याला परकं दुःख चिकटवलं नाही. मूळ गाण्याच्या पोटात होतं तेच वर आणलं.

याची आणखी एक पायरी आहे. १९८६ मध्ये इंग्लंडच्या किम वाइल्डने तेच गाणं पुन्हा झपाट्याच्या नाचाचं केलं, आणि १९८७ मध्ये तेही अमेरिकेत पहिलं आलं. वीस-एकवीस वर्षांत एक गाणं नाचातून शोकात गेलं आणि परत नाचात आलं. तिन्ही रूपं आज शेजारी शेजारी नांदताहेत, एकाने दुसऱ्याचं काही हिरावलेलं नाही.

पाय कधी ऐकतात, कान कधी ऐकतात

आपण सहज चालतो तेव्हा सेकंदाला जवळपास दोन पावलं टाकतो, म्हणजे मिनिटाला १२० च्या आसपास. नाचाची पुष्कळ गाणी याच लयीच्या अवतीभवती असतात. त्यामुळे शरीराला वेगळं काही करावं लागत नाही, ठेका कानावर पडला की पाय आपसूक उचलले जातात. वरातीतला बँडवाला हे हिशेब न करता जाणतो. वऱ्हाड मारुतीच्या पाराशी रेंगाळलं की तो लय थोडी चढवतो.

ती लय निम्मी केली की दोन ठोक्यांच्या मधे पूर्ण सेकंद मोकळा राहतो. पायांना तो जड जातो. पाऊल उचललेलं राहतं, टेकवायचं कुठे ते कळत नाही. नानांची अडचण नेमकी हीच होती. त्यांचे पाय तयार होते आणि गाणं त्यांना बोलावत नव्हतं. पण त्या मोकळ्या सेकंदात कान जागे होतात. शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू येतं, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, सूर हळूहळू विरताना ऐकू येतो.

लय निम्मी करताना गाणाऱ्याची परीक्षा होते, हेही सांगायला हवं. भरधाव गाण्यात सूर जरा घसरला तरी ठेका सांभाळून घेतो. धिम्या गाण्यात लपायला जागा नसते. भाच्याने हे रेकॉर्डिंग एका खोलीत, दारं-खिडक्यांना गोधड्या लावून केलं आणि पहिल्या ओळीवरच दोन रात्री गेल्या.

त्या धुक्याची यंत्रं

गाणं धीमं झालं की मधे रिकाम्या जागा पडतात. त्या कशाने भरायच्या, यात सायकेडेलिक रॉकची सगळी कारागिरी आहे. आणि गंमत अशी की त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपण खानदेशात आधीच ऐकलेली असते.

पहिली गोष्ट अखंड सूर. गाणं कुठेही जावो, खाली एक स्वर थांबत नाही. बहिणाबाई ज्याला घरोट म्हणतात ते जातं आठवा. बाई ओवी गाते, मधे थांबते, पुढची ओळ जुळवते, पण घरोटाची घरघर चालूच असते आणि ती दोन ओळींना धरून ठेवते. शास्त्रीय गाण्यात हे काम तानपुरा करतो. १९६०च्या दशकात पाश्चात्त्य रॉकवाल्यांनी ही कल्पना बरीचशी भारतीय संगीत ऐकूनच उचलली. व्हॅनिला फजच्या गाण्यात ती जागा हॅमंड ऑर्गन भरतो. हे विजेवर चालणारं वाद्य १९३५ मध्ये बाजारात आलं. पेटीला भाता मारावा लागतो, याला नाही. पट्टी दाबून धरा तोवर सूर चालू.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनी. विहिरीच्या काठावरून लहानपणी प्रत्येकाने आपलं नाव ओरडून पाहिलेलं असतं. आवाज समोर आपटून परत येतो. मूळ हाक आणि परत आलेली हाक यांत सेकंदाचा साधारण दहावा भाग गेला की ती कानाला वेगळी कळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा समोरची भिंत सतरा-एक मीटरवर हवी. स्टुडिओत विहीर नव्हती, म्हणून त्यांनी टेप वापरली. यंत्राचा एक भाग आवाज टेपवर उमटवायचा आणि जरा पुढे बसवलेला दुसरा भाग तोच आवाज वाजवायचा. टेपला तिथवर सरकायला लागलेला वेळ म्हणजे विहिरीची खोली. वाजलेला आवाज पुन्हा टेपवर सोडला की हाकेवर हाक येत राहते. आज हे सगळं तळहाताएवढ्या डबीत किंवा फोनमध्ये मावतं.

तिसरी गोष्ट फाटका आवाज, ज्यावर नाना सर्वांत जास्त चिडले. जत्रेतल्या भोंग्याचा आवाज कमाल मोठा केला की तो चिरकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आवाज ही लाट असते. यंत्राच्या ताकदीपेक्षा लाट मोठी झाली की तिचे शेंडे कापले जातात, जशी शिगोशीग भरलेल्या पायलीवरून काठी फिरवली की वरचं धान्य खाली पडून माप सपाट होतं. शेंडा सपाट झालेल्या लाटेत मूळ सुराबरोबर इतर अनेक बारीक सूर मिसळतात आणि आवाज खरखरीत, दाट होतो. १९६२ पासून हे मुद्दाम करणारी पेटी विकत मिळते, गिटारवादक ती पायाने चालू-बंद करतो. भोंग्यात तो बिघाड असतो. इथे तोच रंग म्हणून वापरतात. गळा भरून आल्यावर माणसाचा आवाज असाच फाटतो, म्हणून दुःखाच्या ओळीशेजारी तो इतका शोभतो.

चौथी मला सर्वांत आवडती. अमळनेर सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. स्टेशनावर न थांबता जाणारी मालगाडी जवळ येताना तिचा भोंगा चढ्या सुरात ऐकू येतो आणि समोरून पुढे गेली की सूर एकदम उतरतो. भोंगा बदललेला नसतो. गाडी आपल्याकडे येताना आवाजाच्या लाटा दाटीने येतात, दूर जाताना विरळ. डोनाल्ड लेस्ली या अमेरिकन कारागिराने हाच नियम एका लाकडी कपाटात बसवला. त्याच्या स्पीकरमध्ये आवाज बाहेर सोडणारा कर्णा गोल फिरतो, जोरात फिरताना सेकंदाला सहा-सात वेळा. कर्णा तुमच्याकडे आला की सूर किंचित चढतो, पाठ फिरवली की उतरतो. म्हणजे ती मालगाडी सेकंदात सहा-सात वेळा येऊन जाते, आणि ऐकणाऱ्याला सूर थरथरतोय, खोलीत फिरतोय असं वाटतं. लेस्लीने तो ऑर्गनसाठी बनवला होता. १९६६ मध्ये बीटल्स या इंग्लंडच्या बँडने त्यातून आपल्या जॉन लेननचा गाता आवाजही सोडला.

भाच्याकडे लेस्लीचं कपाट नव्हतं. ते फार जड आणि महाग असतं. त्याने कॉम्प्युटरवर तसाच परिणाम साधला.

मग फोनवरच गाणं धीमं केलं तर?

तेही चालतं, आणि त्याचा मोठा चाहतावर्ग आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डीजे स्क्रू याने १९९०च्या दशकात तयार रेकॉर्डी हळू फिरवून एक नवी शैलीच उभी केली. पण ते कव्हर नव्हे. तिथे जुनंच रेकॉर्डिंग ताणलेलं असतं. टेप निम्म्या वेगाने फिरवली तर सूर पूर्ण एक सप्तक खाली येतो आणि बाईचा आवाज पुरुषी वाटू लागतो. हल्लीची ॲप सूर तसाच ठेवून नुसती लय ताणतात. मात्र आनंदात गायलेली ओळ ताणली तरी ती आनंदात गायलेलीच राहते. कव्हरमध्ये गाणारा ती ओळ नव्याने, धिम्या लयीचा श्वास घेऊन म्हणतो.

हे नशेचं संगीत नाही का?

आमच्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, हा प्रश्न बाजूला घेऊन विचारला. आईने विचारावा असाच तो आहे आणि तो टाळू नये.

संबंध होता. ऑस्मंडने तो शब्द एलएसडीसारख्या, भास घडवणाऱ्या द्रव्यांसाठीच घडवला होता, आणि त्या काळातल्या अनेक वादकांनी ती द्रव्यं घेतली. काहींची आयुष्यं त्यात उद्ध्वस्त झाली. भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने एलएसडी बाळगणंही गुन्हा आहे. पण वर सांगितलेल्या चार गोष्टी पुन्हा पाहा. घरोट, विहीर, पायली, मालगाडी. यात नशेची गरज कुठे लागली? तो परिणाम टेप, लाकूड, वीज आणि रियाज यांतून येतो. पंडित रविशंकर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माँटेरे महोत्सवात याच रॉकवाल्यांच्या गर्दीत सतार वाजवून गेले, आणि नशा करून संगीत ऐकण्याला त्यांनी उघड विरोध केला. अक्काला मी एवढंच सांगितलं, पोरं रात्री जागली ती चहावर. गोधड्या लावलेल्या त्या खोलीत मी स्वतः जाऊन आलो आहे.

पण हे आपलं नव्हे, याला काय म्हणावं?

गिटार आपली नव्हे, खरं आहे. बँडमधला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आपले नव्हते, त्यांच्यावर आपण बिनदिक्कत नाचतो. आणि लय खाली आणून शब्द न् सूर उलगडायची रीत तर आपल्या रक्तात आहे. ख्यालगायक आधी विलंबित गातो, मग द्रुत. भजनातही आधी शांत, मग टाळ चढत जातात. पोरांनी दिशा फक्त उलटी केली.

मला वेगळीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अहिराणी गाणी आज फोनवर पुष्कळ ऐकली जातात याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांतली बहुतेक नाचाची आहेत. शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना अहिराणी म्हणजे ठेका एवढंच समजू लागलंय. ज्या भाषेत माय लेकीला निरोप देते, पेरणी हुकलेला माणूस आभाळाशी बोलतो, ती भाषा संथ लयीत कानावर पडायला हवी. तरच तिचे शब्द ऐकू येतील.

कायद्याने चालतं का?

थोडक्यात सांगतो. गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, रेकॉर्डिंग ही दुसरी. कव्हर करणारा दुसऱ्याचं रेकॉर्डिंग वापरत नाही, पण शब्द-चालीच्या मालकाचा हक्क राहतोच. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ३१-सी हे कलम आलं. पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षांनी, आधी कळवून आणि रॉयल्टी, म्हणजे मालकाचा मोबदला, आगाऊ भरून कव्हर करता येतं. ही रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने भरावी लागते. शिवाय तांत्रिक गरजेपलीकडे शब्द-चालीत बदल करायचा तर मालकाची संमती लागते. सायकेडेलिक कव्हरमध्ये बदल हाच जीव असल्याने सरळ परवानगी घेणं शहाणपणाचं.

वरातीत बँड गाणी वाजवतो ते वेगळं. कलम ५२ मध्ये लग्नाच्या मिरवणुकीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. ते वाजवणं आणि रेकॉर्ड करून विकणं यांत गल्लत करू नये.

पोरांनी पारंपरिक गाणं निवडलं हे बरं केलं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या तोंडी असलेल्या गाण्याचा कुणी एक मालक नसतो. बँडवाल्यांनी त्यात घातलेले नवे तुकडे त्यांचे असू शकतात, म्हणून भाच्याने ते वगळले.

वाट आणि वट्टा

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगल्यावर मायने, माझ्या आईने, फोन मागून घेतला. आदल्या रात्री ती पुऱ्या लाटत होती, तिने गाणं धड ऐकलं नव्हतं. भाच्याने लावून दिलं. ती डोळे मिटून बसली. तिसऱ्या कडव्यात तिने हात वर केला.

"थांबाड. काय म्हनस तू?"

भाच्याने ओळ म्हणून दाखवली. निघालेली लेक मागे वळून पाहते, माय 'वाटवर' बसली आहे, अशी. बँडवाले तसंच म्हणतात, आम्ही सगळे तसंच म्हणत नाचत आलो होतो.

"वाटवर नै रे भो. वट्टावर. माय वट्टावर बठेल शे."

वट्टा म्हणजे ओटा. माय वाटेवर आलेलीच नाही. घरासमोरच्या ओट्यावरून उतरायची ताकद तिच्या पायांत उरलेली नाही, म्हणून ती तिथेच बसून आहे आणि लेक एकटीच वाटेला लागली आहे. इतकी वर्षं ठेक्याच्या धावपळीत ते एक अक्षर कुणाच्या कानाला लागलं नव्हतं.

नाना काही बोलले नाहीत. भाचा सोमवारी जळगावला गेला. ते कडवं पोरं पुन्हा गाणार आहेत.